मारायचा की सोडायचा? पतंगांविषयी वाचकांचे प्रश्न

पहिल्या पावसाबरोबर बल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, दिव्याभोवती पाखरांची गर्दी होते आणि आमच्या टपालात फोटोंची. या खेपेच्या पत्रांत अमेरिकेतला एक लहानसा पतंग मध्यभागी आहे. बाकीचे प्रश्न त्याच्याच आजूबाजूचे आहेत.

प्रश्न : माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याने अंगणातल्या फुलांवर बसलेल्या एका किड्याचा फोटो पाठवला आहे. किडा करंगळीच्या नखाएवढा, नारिंगी, अंगावर काळ्या चौकटीतले पांढरट ठिपके. तिथे म्हणे सरकारच एक ठिपकेवाला किडा दिसेल तिथे चिरडायला सांगते. हा तोच का? दुसरे म्हणजे, आमच्या लक्ष्मीतरूच्या शेंड्यांवर जाळी होते आणि तिच्यातून असेच नारिंगी पाखरू निघते. ते अमेरिकेहून आले असेल का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आधी पुतण्याला कळवा की मारू नको. फोटोतला किडा हा पतंग आहे. तिकडे त्याला आयलॅन्थस वेबवर्म मॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव अटेव्हा ऑरिया. चिरडायला सांगतात तो स्पॉटेड लँटर्नफ्लाय, म्हणजे आपल्या तुडतुड्यांच्या गोतातला, झाडाचा रस शोषणारा किडा. मूळचा आशियातला हा किडा अमेरिकेत २०१४ मध्ये प्रथम पेनसिल्व्हेनियात सापडला आणि तिथून शेजारच्या राज्यांत पसरला. घोटाळा होण्याचे कारण असे की दोघांचे आवडते झाड एकच आहे आणि लँटर्नफ्लायची शेवटच्या टप्प्यातली पिल्ले लाल अंगावर पांढरे ठिपके घेऊन फिरतात. पण त्या पिल्लांना पूर्ण पंख नसतात आणि बोट जवळ नेले की ती टुणकन उडी मारतात. मोठा लँटर्नफ्लाय इंचभर लांब, त्याचे पुढचे पंख राखाडी, त्यावर काळे ठिपके. उडताना मागचे लालभडक पंख दिसतात. त्याच्या तोंडाला सुईसारखी सोंड असते आणि ती पोटाखाली सरळ दुमडलेली असते. पतंगाची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि तो ती उलगडून फुलातला मध पितो. पुतण्याचा किडा फुलावर बसून मध पीत होता, तेवढ्यावरूनही निकाल लागतो.

अटेव्हा ऑरिया बसलेला असताना पतंग वाटतच नाही. बहुतेक पतंग पंख छपरासारखे उतरते ठेवतात किंवा सपाट पसरतात. हा ते अंगाभोवती विडीच्या पानासारखे घट्ट गुंडाळतो. त्यामुळे समोर दिसते ती एक रंगीत नळी, लांबी १२ ते १४ मिलिमीटर, तांदळाचे दोन लांब दाणे एकापुढे एक ठेवावेत तेवढी. पंख ताणून मोजले तर टोकापासून टोकापर्यंत १८ ते ३० मिलिमीटर भरतात. पुढच्या पंखांची जमीन गर्द नारिंगी. तिच्यावर आडवे चार पट्टे, आणि प्रत्येक पट्टा म्हणजे पिवळट पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका. ठिपक्यांभोवती जाड काळी रेघ असते. काही कोनांतून ती निळसर मारते. एकूण रूप आपल्या जुन्या घरांतल्या नक्षीच्या फरशीसारखे. मागचे पंख काळपट आणि मधल्या भागात अर्धवट पारदर्शक असतात, पण ते उडतानाच दिसतात. स्पर्शिका म्हणजे मिशा दोऱ्यासारख्या सरळ, पिसांसारख्या नाहीत. हा पतंग दिवसाही उघड्यावर हिंडतो. इतका भडक रंग घेऊन जो दिवसाढवळ्या फिरतो तो बहुधा पक्ष्यांना ‘मी चवीला वाईट आहे’ असे सांगत असतो, आणि याच्या अळ्या ज्या कुळाच्या झाडांवर वाढतात ते सिमारूबेसी कुळ कडूपणासाठीच प्रसिद्ध आहे.

तुमच्या लक्ष्मीतरूचा संबंध इथेच येतो. लक्ष्मीतरू म्हणजे सिमारूबा ग्लॉका, दक्षिण फ्लोरिडा, कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका इथला रहिवासी. अटेव्हा ऑरियाचे मूळ खाद्य नेमके हेच झाड. म्हणजे पूर्वी हा उष्ण मुलखातला पतंग होता. १७८४ मध्ये फिलाडेल्फियात एका बागेसाठी चीनचे एक झाड आणले गेले, आयलॅन्थस अल्टिसिमा. ते रस्त्याकडेला, रेल्वेरुळांलगत, पडक्या भिंतींच्या फटींतून इतके माजले की आज तिकडे ते तण ठरले आहे. सिमारूबाचे हे चिनी चुलत भावंड पतंगाने खाद्य म्हणून धरले आणि त्याची हद्द उत्तरेला सरकत गेली. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. दर उन्हाळ्यात तो दक्षिणेकडून पुन्हा वर चढतो, कॅनडाच्या पूर्व भागापर्यंत पोचतो आणि पहिल्या कडक गोठणीबरोबर तिथला संपतो. अनुकूल हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे एका हंगामात अनेक पिढ्या होतात.

आपल्याकडे हेच नाटक उलट्या बाजूने झाले. लक्ष्मीतरू १९६०च्या दशकात भारतात आला तो तेलबियांसाठी, बियांच्या रूपाने. बियांबरोबर पानांवरची अळी येत नाही. तुमच्या झाडावर जाळी करणारा पतंग म्हणजे अटेव्हा फॅब्रिसिएला, पूर्णपणे इथला. महारुख आणि धूप (ज्याच्या खोडातला डिंक हलमड्डी म्हणून अगरबत्तीत जातो) ही आयलॅन्थस वंशातली आपली झाडे त्याचे जुने घर आहेत. त्याच कुळातला परदेशी पाहुणा अंगणात लागला तेव्हा त्याने त्यालाही जवळ केले. तिथे अमेरिकन पतंगाने आशियाई झाड धरले, इथे आशियाई पतंगाने अमेरिकन झाड. फॅब्रिसिएला ओळखायची खूण साधी आहे: नारिंगी ते विटकरी पंखांवर पांढरे ठिपके सुटे सुटे विखुरलेले असतात, ऑरियासारखी जाड काळी चौकट त्यांना नसते. चार पट्ट्यांची मांडणीही दिसत नाही.

जुन्या अमेरिकन पुस्तकांत पुतण्याला हा पतंग अटेव्हा पंक्टेला या नावाने सापडेल. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती गोळा झाल्या होत्या. २०१० मध्ये डीएनए, शरीररचना आणि खाद्यझाड अशा तिन्ही पुराव्यांनी त्या वेगळ्या करण्यात आल्या आणि उत्तरेकडच्या जातीला ऑरिया हे नाव कायम झाले.

जाळीचे काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. मोठ्या झाडाला काही करू नका, ते पुन्हा फुटते. रोपवाटिकेतल्या किंवा कमरेएवढ्या रोपांचे मात्र शेंडेच खाल्ले जातात आणि रोप वेडेवाकडे फांदते. जाळी लहान असतानाच पानांसकट काढून साबणाच्या पाण्यात बुडवावी. रोपे जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम भरडलेला निंबोळीचा गर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा आणि फवारा पानाला धरून राहावा म्हणून त्यात थोडा साबणचुरा विरघळवायचा. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात अर्काचा जोर उतरतो. बहुतेकांची फवारणी फसते ती जाळीवरूनच मारल्यामुळे. रेशमी जाळीवर थेंब गोळा होऊन ओघळतात आणि आतल्या अळीला काहीच लागत नाही. आधी काटकीने जाळी फाडायची, मग फवारायचे. आपल्या जूनच्या पावसात तर उघडीप पाहूनच; तासाभरात सर आली तर सगळी मेहनत मातीत.

प्रश्न : पावसाळा सरल्यावर आमच्या सड्यावर खुळखुळ्याच्या झुडपांभोवती पांढरे पाखरू उडते, अंगावर लाल आणि काळे ठिपके. हेही अटेव्हाच का?
– शिक्षिका, पेडणे

उत्तर : नाही. हा उटेथेसा, कुळ वेगळे. पण तुमची गफलत मोठ्या माणसाचीही झालेली आहे. न्यूयॉर्क राज्याचे पहिले कीटकतज्ज्ञ एसा फिच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अटेव्हा ऑरियाचे प्रथम वर्णन केले तेव्हा त्याला डेयोपिया वंशात घातले, आणि डेयोपिया हे उटेथेसाचेच जुने नाव. ठिपके आणि रंग पाहून अनुभवी डोळाही चकला.

अमेरिकेत उटेथेसा ऑर्नाट्रिक्स नावाची जात आहे. तिचे पुढचे पंख पिवळ्या-नारिंगी ते गुलाबी, आणि त्यावर पांढरे पट्टे, पट्ट्यांत काळे ठिपके. म्हणजे ऑरियाच्या नेमके उलट: ऑरियात पांढऱ्याला काळी चौकट, ऑर्नाट्रिक्समध्ये काळ्याला पांढरी. तिचा पसारा ३३ ते ४६ मिलिमीटर, मागचे पंख गुलाबी. तुमच्या सड्यावरच्या उटेथेसाचे पंख पांढरे असतात, लाल-काळे ठिपके त्यावर ओळीने बसवल्यासारखे. दोन्हीकडच्या अळ्या खुळखुळ्याच्या शेंगेत शिरून बिया खातात. त्या बियांतली विषारी अल्कलॉइडे अंगात साठवून अळी मोठी होते, पतंगातही ती उतरतात, आणि म्हणून ऑर्नाट्रिक्स जाळ्यात अडकला तर कोळीण धागे तोडून त्याला सोडून देते. शाळेत मुलांना दाखवायचे असेल तर शेंगेला गोल भोक दिसते का ते आधी पाहायला सांगा. हलवल्यावर वाजत नाही ती शेंग उघडायची. बिया संपलेल्या असतात आणि आत अळी असण्याचा संभव असतो.

प्रश्न : मोबाइलने काढलेल्या फोटोंवरून तुम्ही दरवेळी ‘ओळख पटत नाही’ असे कळवता. बारक्या पतंगाचा फोटो नेमका कसा काढायचा? रात्री दिवा आणि पांढरा पडदा लावून पतंग बोलवायचे असतील तर दिवा कुठला?
– दोन महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आमची नड एकाच गोष्टीची असते, मापाची. १२ मिलिमीटरचा पतंग आणि ३० मिलिमीटरचा पतंग फोनच्या पडद्यावर सारखाच दिसतो. पतंगाशेजारी आलेखाच्या कागदाचा तुकडा चिकटवा, एक मिलिमीटरच्या चौकटी असलेला. नाणे ठेवू नका. ते चकाकते, कॅमेरा त्यालाच धरतो आणि पतंग काळा पडतो. जिवंत पतंगाचा पंखपसारा मोजता येत नाही, म्हणून पुढच्या पंखाची लांबी मोजायची, खांद्यापासून टोकापर्यंत. तिच्या दुपटीत छातीची रुंदी मिळवली की पसाऱ्याचा अंदाज येतो.

एका पतंगाचे निदान तीन फोटो हवेत. पाठीवरून काढताना फोन पंखांना समांतर धरायचा. तिरका धरला तर ठिपक्यांची मांडणी दबते. दुसरा बाजूने, कारण पंख छपरासारखे आहेत की नळीसारखे गुंडाळलेले, यावर निम्मी ओळख अवलंबून असते. तिसरा तोंडाचा. तोंडापुढे वळलेले दोन ओष्ठांग, म्हणजे चाचपायचे बारके अवयव, असतात, काहींत शिंगांसारखे वर, काहींत चोचीसारखे पुढे. हा फोटो कोणीच काढत नाही, म्हणून ओळख अडते. फोन फार जवळ नेऊ नका, लेन्स धूसर करते. वीतभर अंतरावर धरून दुप्पट झूम करा, किंवा चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स वापरा. फ्लॅश बंद. त्याने चकाकते खवले पांढरे होतात आणि नारिंगीचा पिवळा होतो. बॅटरी बाजूने धरून मधे पातळ पांढरा कागद आडवा लावला की रंग खरे येतात. आणि बोटांनी पंख धरू नका. बोटाला लागणारी भुकटी म्हणजे खवले, आणि नक्षी त्या खवल्यांतच असते.

चळवळ्या पतंगाला झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) पाच-दहा मिनिटे ठेवतात, तो शांत होतो. गोव्याच्या दमट हवेत यात एक फसगत आहे: डबी बाहेर काढून लगेच उघडली तर थंड पंखांवर दव धरते आणि खवले चिकटून बसतात. काढल्यावर मिनिटभर झाकण बंदच ठेवा.

पडद्यासाठी दीड-दोन मीटरचे पांढरे सुती कापड ताणून बांधा, खालचा भाग जमिनीवर पसरू द्या. बारके पतंग बहुधा तळाशी येऊन बसतात. दिवा ३६५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी असलेला घ्या. बाजारात स्वस्त मिळणारी ३९५ नॅनोमीटरची जांभळी पट्टी डोळ्याला भडक वाटते, पतंगांना तेवढी भुलवत नाही, आणि पिवळ्या एलईडीकडे तर फारसे कोणी फिरकत नाही. दिव्याकडे टक लावून पाहू नका, यूव्ही अडवणारा चष्मा वापरा. पावसात वायरी बाहेर ओढण्यापेक्षा पॉवरबँकेवर चालणारा दिवा बल्कांवात छपराखाली लावणे शहाणपणाचे. अमावस्येच्या आसपासची, वारा पडलेली, ढगाळ, उबदार रात्र सर्वांत चांगली. पौर्णिमेला पडदा रिकामा राहिला म्हणून दिव्याला दोष देऊ नका. आठ वाजता एक फेरी, मध्यरात्रीनंतर दुसरी. येणारे पाहुणे वेगवेगळे असतात. काम झाले की दिवा बंद करून पडदा झुडपांत झटकायचा. रात्रभर दिवा चालू राहिला तर सकाळी पाली आणि बुलबुल पडदा साफ करतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, तो २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्याच ईस्ट ब्रन्सविक गावातून सुरू झाला. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो, पण छपराखालच्या पडद्याला त्याची अडचण नाही.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलीने फोनवर सांगितले की तिच्या पिठात ‘इंडियन मील मॉथ’ झाले आहेत आणि दुकानदार म्हणतो हे भारतातून येतात. इथे आमच्या रव्यात आणि काजूगरांतही पाखरे होतात. खरेच हा आपला पतंग आहे का?
– गृहिणी, मडगाव

उत्तर : दुकानदाराने नाव वाचले, अर्थ नाही. तिकडे मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हणत, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांचे धान्य, आणि मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’. वर आलेले एसा फिच यांनीच १८५६च्या अहवालात मक्याच्या पिठात होणाऱ्या पतंगाविषयी लिहिले आणि हे नाव रूढ झाले. भारताचा त्यात काही संबंध नाही. शास्त्रीय नाव प्लोडिया इंटरपंक्टेला, आणि आज तो जगभरच्या कोठारांत आहे.

ओळखायला सोपा: बसलेला ८ ते १० मिलिमीटर, पंख दोन रंगांत कापल्यासारखे. अंगाकडचा तिसरा हिस्सा फिका राखाडी, पुढचे दोन हिस्से तांब्याच्या भांड्यासारखे लालसर तपकिरी. जुने, झिजलेले पतंग एकसारखे मातकट दिसतात, म्हणून ताजा निघालेलाच पाहायचा. तुमच्या रव्यातला मात्र बहुधा कॉर्सिरा सेफॅलोनिका, तांदळाचा पतंग, ज्याच्यावर काही नक्षीच नसते. सगळा राखेच्या रंगाचा. रव्याच्या गाठी आणि जाळे हे त्याच्या अळीचे काम. घरी साठवलेल्या भातात गवती पिवळे, अरुंद पंखांचे, झालरवाले लहान पाखरू असेल तर तो तिसराच, सिटोट्रोगा. त्याची अळी दाण्याच्या आत वाढते, कोषात जाण्याआधी दाण्याला गोल वाट कोरून ठेवते आणि पतंग तिथूनच बाहेर पडतो. त्यामुळे चाळून त्याचा काही उपयोग होत नाही.

उपाय तिघांवर एकच चालतो. किलोकिलोच्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. पाच किलोची पिशवी तशीच कोंबली तर मधला भाग पुरेसा गार व्हायला फार वेळ लागतो आणि अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पुडी पूर्ण कोमट होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बाहेरची ओल आत उतरून रव्याला बुरशी धरेल; काजूगर तर नरम पडतातच. डबे रिकामे करून झाकणाची आटी आणि फळीच्या फटी ब्रशने घासा, कारण अळी कोष करायला धान्यातून बाहेर निघून चालत वर जाते. छताच्या कोपऱ्यात कोष दिसला तर उगम खालच्या डब्यातच शोधायचा. फेरोमोनचे (मादीच्या गंधाने भुलवणारे) चिकट सापळे फक्त नर पकडतात, त्यांनी प्रादुर्भाव आहे की नाही ते कळते, तो संपत नाही. तमालपत्राचे विचाराल तर वासापुरते ठीक.

प्रश्न : भिंतीवर सिमेंटच्या रंगाच्या चपट्या बिया सरकताना दिसतात. काय असते हे?
– वाचक, म्हापसा

उत्तर : हीसुद्धा पतंगाची अळीच, फेरीओइका वंशातली. अमेरिकेच्या फ्लोरिडात हिच्या भाईबंदाला ‘प्लास्टर बॅगवर्म’ म्हणतात. दमट हवा हवी, म्हणून फ्लोरिडात आणि गोव्यात तिचे सारखेच फावते. भोपळ्याच्या बीच्या आकाराची ही पिशवी रेशमावर वाळू आणि धूळ चिकटवून बनवलेली असते, लांबी ८ ते १४ मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला त्रास दिला तर अळी आतल्या आत वळून दुसऱ्या टोकातून डोके काढते. पतंग स्वतः करडा, पुढच्या पंखांवर अस्पष्ट काळे डाग, पसारा जेमतेम सेंटीमीटरभर. तो कोणाच्या लक्षातही येत नाही. खाणे म्हणजे कोळिष्टके, केस, मेलेले किडे, कधी लोकरी कपडे. औषध मारू नका. कोळिष्टके झाडा, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, खोलीत हवा खेळू द्या. खाणे संपले की पिशव्या संपतात.

प्रश्न : दिव्याखाली मेलेले बारके पतंग मिळतात. त्यांचा संग्रह करायचा आहे, पण दरवर्षी बुरशी तरी लागते किंवा मुंग्या तरी खातात.
– वाचक, काणकोण

उत्तर : सुकलेला पतंग तसाच ताणला तर पंख मोडतो. आधी तो मऊ करायचा: झाकणाच्या डब्यात ओला कापूस, त्यात बुरशी टळावी म्हणून थायमॉलचे दोन-चार कण, वर जाळी, जाळीवर पतंग. १२ ते २४ तास पुरतात. दीड दिवसावर गेले की गोव्यात बुरशी हमखास. १२-१५ मिलिमीटरच्या पतंगाला शिवणाची टाचणी चालत नाही, छातीच फुटते, ०.१५ मिलिमीटरची बिनडोक्याची सूक्ष्म टाचणी मागवा. पंख बोटाने नव्हे, सुईच्या टोकाने मागच्या बाजूने हलके पुढे सरकवायचे आणि वर ट्रेसिंग पेपरची पट्टी दाबून टाचायची. उन्हाळ्यात आठवड्यात वाळतो, पावसाळ्यात पंधरवडा धरा आणि डब्यात सिलिका जेल ठेवा. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करता येते. ती कढई स्वयंपाकात मात्र पुन्हा घेऊ नका.

पेटीच्या तळाला थर्मोकोल लावू नका. डांबरगोळीच्या वाफेने थर्मोकोल विरघळतो, चिकट होतो आणि टाचण्या आडव्या पडतात. ईव्हीए फोमची शीट वापरा. मुंग्यांसाठी वाळवणीची फळी चार वाट्यांतल्या पाण्यावर उभी करायची, आपण दुधाचे भांडे परातीत ठेवतो तसे. एक रात्र विसरलात तर सकाळी नुसत्या टाचण्या आणि पंखांचे तुकडे उरतात. चिठ्ठीवर गाव, तारीख, दिवा की झाड, झाड असेल तर कोणते, एवढे लिहाच. झाडाचे नाव नसलेला अटेव्हा अर्ध्या किमतीचा.

हे सारे घरच्या दिव्याखाली मेलेल्या पतंगांपुरते. खोतीगाव, नेत्रावळी, मोलेम, बोंडला, म्हादई या अभयारण्यांतून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मेलेला पंखही उचलू नका.

प्रश्न : पुतण्या डिसेंबरात येणार आहे. त्या नारिंगी पतंगाचे दोन-चार कोष आणायला सांगू का? (वाळपईच्याच वाचकांची पुस्ती.)

उत्तर : नको. जिवंत कीटक आणायला २००३च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली आगाऊ परवाना लागतो, विमानतळावर डबी जप्त होईल. शिवाय इथे त्याचे मूळ खाद्यझाड तुमच्या अंगणात तयारच आहे, म्हणजे सुटला तर टिकेल. आणि डिसेंबरात न्यू जर्सीत त्याला कोष सापडणारही नाहीत, तिथले सगळे थंडीने संपलेले असतात. फोटोच मागवा, तीन बाजूंनी, आलेखाच्या कागदासकट.